क्योतोतलं रिकामं आसन

आज सकाळी बाल्कनीचं दार उघडलं आणि पुन्हा लावलं नाही. दुबईत राहणाऱ्याला या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. एप्रिलपासून हे दार आम्ही वाळलेले कपडे आत घेण्यापुरतं उघडतो, तेही चटका बसल्यासारखं लगेच लावून टाकतो. मग नोव्हेंबरातली एखादी सकाळ अशी येते की एसी बंद केला तरी घाम येत नाही. त्याची घरघर थांबली की शेजारपाजारचे आवाज कानावर पडू लागतात. कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी होते, कुणी फोनवर मल्याळममधून भांडतं, आणि सहा महिने जिथे कुणी राहतच नाही असं वाटत होतं त्या घरांत माणसं असल्याचं कळतं. सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या इमारतीखाली मुलं सायकली काढतात. संध्याकाळी गवतावर चटया पडतात आणि कोळशाच्या धुराचा वास पार आमच्या मजल्यापर्यंत येतो.

इथे सगळ्यांना हा ऋतू आवडतो. मलाही आवडायचा. आता तो आला की मला आधी राग येतो, आणि मग हवा चांगली आहे हे लक्षात येतं. कारण अशाच एका नोव्हेंबरात मी जपानात होते, एकटी. त्या सहलीच्या शेवटच्या दिवशी, क्योतोत, मला कळलं की माझी जिवाभावाची मैत्रीण मला हातावर तुरी देऊन कायमची निघून चालली आहे. कळलं तेही तिच्याकडून नाही.

शमीम आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायची. माहेर दापोलीजवळ, सासर रत्नागिरीकडचं. नवरा रियाज हमरिया फ्री झोनमध्ये बोटींच्या सुट्या भागांचा व्यापार करायचा. मी साताऱ्याची, मुलगी इरा तेव्हा काखेत, आणि नवरा संदीप दिवसभर साइटवर. नव्या घरात मी रिकाम्या खोक्यावर बसून रडत होते तेव्हा तिने बेल वाजवली आणि हातात झाकलेली ताटली देऊन म्हणाली, ‘सांदणं आहेत. गरम खा. रडायचं ते नंतर रड.’ मी रडत होते हे तिला दारावरूनच कसं कळलं, ते मला आजवर समजलेलं नाही. त्या दिवसापासून आमच्या दोन दारांमधल्या पॅसेजमध्ये चपला कुणाच्या आणि कुणाच्या दारापुढे, याला काही धरबंध राहिला नाही. रमजानात तिच्याकडचे समोसे आमच्याकडे यायचे, दिवाळीत माझी फसलेली चकली ती ‘मऊ आहे, अम्मीला चावता येईल’ म्हणून कौतुकाने घेऊन जायची. अम्मी म्हणजे तिच्या सासूबाई.

आता हे इकेबानाचं खूळ. दुबईत लग्न करून आलेल्या युकोसान नावाच्या एक जपानी बाई शनिवारी सकाळी त्यांच्या घरी फुलं लावायला शिकवत. इरा शाळेत रमू लागल्यावर हाताला चाळा हवा म्हणून मी नाव घातलं आणि मी घातलं म्हणून शमीमने घातलं. पितळेच्या खिळ्यांची जड चकती असते, केनझान म्हणतात तिला. त्या खिळ्यांत फांदी अशी खोचायची की ती तिथेच उगवली आहे असं वाटावं. एक उंच फांदी, एक मधली, एक खालची. बाकी मोकळी जागा. ती मोकळी जागा हेच खरं शिकायचं, असं युकोसान दर शनिवारी सांगायच्या आणि दर शनिवारी शमीम ती जागा भरून टाकायची. ‘रिकामं ठेवलं तर पाहुणे म्हणतील, फुलं संपली वाटतं,’ असं तिचं म्हणणं. युकोसान तोंडावर हात ठेवून हसायच्या आणि तिच्या भांड्यातली निम्मी फुलं अलगद काढून बाजूला ठेवायच्या.

फुलवाल्याकडची फुलं आम्हाला पुरायची नाहीत, आणि हव्या तशा वाकड्या फांद्या तर इथे मिळतच नाहीत. मग संध्याकाळी इमारतीच्या आवारातली बोगनवेल. एकदा वॉचमन धावत आला, ‘मॅडम, नॉट अलाउड!’ शमीम कात्री पाठीमागे धरून गंभीरपणे म्हणाली, ‘भैया, चोरी नहीं है. जपानी पढ़ाई है.’ तो बिचारा इतका गोंधळला की त्याने आमच्यासाठी उंचावरची फांदी खाली वाकवून धरली. लिफ्टमध्ये आम्ही दोघी हसून हसून भिंतीला टेकलो होतो. तिच्याबद्दल राग आला की मी मुद्दाम ही आठवण बाजूला ठेवते, नाहीतर राग टिकत नाही.

क्योतोला जायचं ठरलं ते त्याच वर्गात. युकोसानच्या गुरू, आम्ही त्यांना मोठ्या सेन्सेई म्हणायचो, क्योतोत राहत. नोव्हेंबरात तिथे मेपलची पानं लाल होतात. तेव्हा या, त्या एक सकाळ तुम्हाला शिकवतील, असं युकोसान म्हणाल्या. दोघींनी मिळून जायचं, नवरे, इरा आणि अम्मी इथे ठेवून. आम्ही उन्हाळाभर शमीमच्या डायनिंग टेबलावर नकाशा पसरून बसायचो. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आत आम्ही लोकरीच्या मोज्यांची चर्चा करतोय. तिचं हलाल आणि माझा गुरुवार सांभाळून कुठे काय खायचं याचा तिने एवढा अभ्यास केला होता की तेवढ्यात एखादी परीक्षा पास झाली असती. ‘इन्शाल्ला जाऊ,’ ती म्हणायची. इथे ऑफिसातला क्लार्क इन्शाल्ला म्हणाला की काम होत नाही हे आपण समजून असतो. शमीम म्हणाली की मात्र ते झालंच, असा माझा अनुभव होता.

आणि ऑक्टोबरात एक दिवस ती दारात उभी राहून म्हणाली, ‘वैशू, माझं जमायचं नाही गो. अम्मीची तब्येत ठीक नाही. डॉक्टर म्हणतात सोडून जाऊ नका.’ मी लगेच म्हटलं, मग मीही जात नाही. तर ती चिडलीच. ‘वेडी आहेस काय? तिकीट आहे, सुट्टी मिळाली आहे. माझ्यासाठी जा. सगळं बघ, मला फोटो पाठव. तू गेलीस तर मी गेल्यासारखंच.’ संदीपही तिच्याच बाजूने बोलला. इतका उत्साहाने बोलला की माझा नवरा किती मोकळ्या मनाचा आहे, असं मी आईला फोन करून सांगितलं.

मला शंका का आली नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. गल्फमधली आपली माणसं एकमेकांना सगळं सांगतात. पगार सांगतात, बॉसच्या शिव्या सांगतात, नवऱ्याच्या कोलेस्टेरॉलचा आकडासुद्धा लिफ्टमध्ये सांगतात. एक गोष्ट सांगत नाहीत, ती म्हणजे आपण इथून जाणार आहोत. कॅनडाची फाइल लावली आहे, ऑस्ट्रेलियाची परीक्षा दिली आहे, याचा कुणाला वास लागू देत नाहीत. कंपनीला कळलं तर पंचाईत, नातेवाइकांना कळलं तर चौकश्या, आणि मुख्य म्हणजे नजर लागते. आमच्या ऑफिसातल्या एका गृहस्थांनी गुरुवारी सगळ्यांबरोबर डबा खाल्ला, आणि सोमवारी त्यांच्या खुर्चीवर दुसरा बसलेला. खालच्या मजल्यावरच्या एका बाईंनी तर जायच्या महिनाभर आधी नवे पडदे लावले, केवळ लोकांनी ओळखू नये म्हणून. आम्ही दोघी या लोकांना मनसोक्त हसायचो. एकदा मी शमीमला म्हटलं होतं, ‘तू जायची झालीस तर मला आधी सांगशील ना?’ तिने माझ्या पाठीत धपाटा घातला. ‘तुला नाही सांगणार तर कुणाला सांगणार गो?’ माझी चूक एवढीच की हा इथला रिवाज बाकीच्या सगळ्यांसाठी आहे आणि आमच्या पॅसेजला तो लागू नाही, असं मी धरून चालले.

तर मी गेले. आणि खोटं कशाला बोलू, मजेत गेले. हातपंख्यांची दुकानं बघितली, चहाच्या वाटीला दोन्ही हातांनी धरायला शिकले, लाकडी घरांच्या गल्ल्यांतून पावलांचा आवाज न करता चालणाऱ्या बायका बघितल्या, येनचे दिरहम आणि दिरहमचे रुपये करत करत दुकानांतून रिकाम्या हातांनी बाहेर पडले. फळं नसती तर नुसत्या काटक्याच म्हटल्या असत्या, अशी निष्पर्ण झाडं केशरी पर्सिमनांनी लगडलेली बघितली. रोज शमीमला फोटो पाठवत होते. ती लगेच उत्तर द्यायची. एका फोटोवर तिने लिहिलं, ‘हे देऊळ आपल्या नकाशात होतं ना?’ होतं.

शेवटचा दिवस मोठ्या सेन्सेईंचा होता. रविवारची सकाळ, इतकी थंड की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. त्यांचं घर एका अरुंद गल्लीच्या टोकाला. बूट काढून आत गेले. चटईच्या खोलीत दोन आसनं मांडलेली. दोन भांडी, दोन कात्र्या, ओल्या कागदात गुंडाळलेल्या फांद्यांचे दोन जुडगे. मी एकटीच येणार हे मी कळवलं होतं, पण दोघींची फुलं आधीच सांगून ठेवली होती म्हणे. ऐंशीच्या पुढच्या, वाळक्या, ताठ बसणाऱ्या बाई. मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, ‘फ्रेंड, नॉट कम?’ मी सांगितलं, तिच्या सासूबाई आजारी आहेत. त्यांनी मान हलवली, बराच वेळ हलवली. मग रिकाम्या आसनाकडे हात करून म्हणाल्या, की फुलं तर कापून झाली आहेत, आता तुम्हीच तिचीही लावा.

आधी माझी लावली. मेपलची एक फांदी, खाली पिवळी शेवंती. सेन्सेईंनी एकच पान खुडलं आणि ठीक आहे म्हणाल्या. मग मी सरकून शेजारच्या आसनावर बसले आणि शमीमची फुलं लावायला घेतली. तिच्यासारखीच लावली. एक शेवंती, तिच्या बाजूला आणखी एक, मागे दुसरी फांदी, पुढे पाणगवत, फट म्हणून दिसू दिली नाही. हात कसा चालतो तिचा, ते मला पाठ होतं. सेन्सेई आधी चकित झाल्या आणि मग, युकोसान हसतात तसंच, तोंडावर हात ठेवून हसल्या. ‘शी इज गुड हार्ट,’ म्हणाल्या. मी जोरजोरात मान हलवून हो म्हटलं. मला आज त्या मान हलवण्याची लाज वाटते.

फोटो काढून तिथूनच पाठवला. दुबईत तेव्हा पहाट. शमीम फजरच्या नमाजासाठी उठलेली असणार, लगेच उत्तर आलं. ‘माझ्या नावाने लावलीस? डोळ्यांत पाणी आलं गो.’ निघताना मोठ्या सेन्सेई आत गेल्या आणि रेशमी कापडाची, बोटभर लांबीची एक शिवलेली पिशवी घेऊन आल्या. देवळातला ताईत. आजारी माणसाने जवळ ठेवायचा, उघडायचा नाही. ‘फॉर मदर,’ म्हणाल्या, आणि दोन्ही हातांनी दिला. मी दोन्ही हातांनी घेतला.

मग मी कामो नदीच्या काठावर येऊन बसले. ऊन पडलं होतं. बगळे पाण्यात एका पायावर उभे. दुकानातून घेतलेल्या भाताच्या गोळ्याचा कागद सोडला आणि घरी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ झाली होती, इरा डोळे चोळत समोर आली. तेव्हा पंधरा वर्षांची, मराठी समजतं सगळं, बोलते मात्र इंग्रजीत. मी तिला नदी दाखवली, बगळे दाखवले. काल काय केलंस म्हणून विचारलं.

‘नथिंग मच. शमीम आंटीच्या फेअरवेलला गेलो. इट वॉज सो सॅड, मम्मा. बट द बिर्याणी वॉज गुड.’

मी म्हटलं, ‘कसलं फेअरवेल?’

‘दे आर मूव्हिंग टु कॅनडा. टुमॉरो मॉर्निंग.’ मग माझा चेहरा तिने बघितला असावा. ‘मम्मा? आय थॉट यू न्यू. एव्हरीवन न्यू.’

फोन तिच्या हातातून संदीपने घेतला. अजून ब्रश न केलेला, केस उभे. ‘अगं, ऐक. मी सांगणारच होतो. शमीमनेच रिक्वेस्ट केली होती, तुला सांगू नका म्हणून. तुझी ट्रिप स्पॉइल झाली असती. शी मेन्ट वेल.’

‘तुला कधीपासून माहीत आहे?’

‘झाले काही दिवस... ऑक्टोबरपासून. रियाजने सांगितलं. आता तू चिडू नकोस, लास्ट डे आहे, एन्जॉय कर. आल्यावर बोलू शांतपणे.’

‘तू बिर्याणी खाल्लीस?’

माझ्या प्रश्नात तसा काही अर्थ नव्हता. पण मला तेव्हा जगात फक्त तेवढंच विचारायचं होतं. खालच्या कम्युनिटी हॉलमध्ये ज्या टेबलांवर इराचे वाढदिवस झाले, तिथे सगळी इमारत जमली होती. वॉचमनसुद्धा आला असेल. त्या सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं असेल, वैशालीला कळू देऊ नका बरं का. माझ्या आनंदाची राखण सगळ्यांनी मिळून केली होती आणि मी पाच हजार मैलांवर बसून शमीमच्या नावाने फुलं खोचत होते. केसाने गळा कापणे म्हणतात ते मला तोवर नुसतं शाळेतल्या वाक्यात उपयोग करण्यापुरतं माहीत होतं.

त्या दिवसाचा उरलेला वेळ कसा गेला ते सलग आठवत नाही. तुकडे आठवतात. शमीमला फोन लावला नाही. लावला असता तर ती रडली असती आणि मला तिची समजूत घालावी लागली असती, हे मला ठाऊक होतं. चालत सुटले. रस्त्यात लाल पानांखाली लोक फोटो काढत होते आणि मला त्या पानांचाही राग आला, एवढं लाल व्हायची काही गरज होती का, असं वाटलं. एका गाडीवर भाजलेली रताळी विकत होते, त्यांचा गोड वास आला आणि मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले. शेवटी एका लहानशा देवळात शिरले. तिथे लाकडी ओसरीवर ओळीने माणसं बसलेली. समोर खडीचं अंगण, त्यावर दाताळ्याने ओढलेल्या रेघा, कडेला तीन दगड. कुणी बोलत नव्हतं. मी त्या ओळीत बसले आणि रडले. चांगलं नाक वाहेपर्यंत रडले. एकानेही वळून बघितलं नाही. न बघणं हे तिथलं सौजन्य आहे.

युकोसाननी एकदा आम्हाला सांगितलं होतं की जपानी माणसाचं मनातलं बोलणं निराळं आणि दारातलं निराळं. समोरच्याला त्रास होऊ नये म्हणून मनातलं मनात ठेवायचं, याला तिकडे संस्कार म्हणतात. तेव्हा शमीम म्हणाली होती, ‘बाप रे, आपल्याला नाही बाई जमणार. आपलं तोंडावर.’ हे आठवून त्या शांत ओसरीवर मला हसू फुटलं. जपानी संस्कृती बघायला मी एवढ्या लांब आले आणि समोरच्या दारातली, दापोलीची बाई त्यात कधीच पारंगत होऊन बसली होती. मी स्वतःला विचारलं, तिनेही हे सौजन्य म्हणूनच केलं असेल का? माझ्याकडे न बघता निघून जाणं? आणि माझं मलाच उत्तर आलं, नाही. ओसरीवरची माणसं मला ओळखत नव्हती. न बघण्याचा हक्क अनोळखी माणसांना असतो. जिने मी बंद दारामागे रडतेय हे ओळखलं होतं, तिला तो नव्हता.

एकच गोष्ट हवी होती मला आता. ती जायच्या आत तिच्यासमोर उभं राहायचं होतं. तिचं विमान सोमवारी सकाळी, असं इराने मेसेजवर सांगितलं. माझं क्योतोजवळच्या ओसाकाहून रविवारी रात्री निघत होतं. दुबईकडे येताना घड्याळ मागे जातं, रात्रभर उडूनही पहाटेच पोचतं. विमानतळावर मी चेक-इनच्या काउंटरवरच्या मुलीला विचारलं, वेळेवर आहे ना? ती वाकून म्हणाली, वेळेवर आहे. विमानात सगळे झोपले. मी डोळे उघडे ठेवून मनात भांडण रचत होते. किती सुंदर भांडण होतं ते! एकही शब्द वापरायची वेळ आली नाही.

दुबईला उतरले, बॅग घेतली, संदीपला ‘न्यायला येऊ नकोस’ असं लिहिलं आणि लिफ्टने वर डिपार्चर्सला गेले. शोधावं लागलं नाही. तीन ट्रॉल्यांवर दोरीने करकचून बांधलेले खोके, प्रत्येकावर शमीमच्या अक्षरात मोठ्ठं नाव. रियाज पासपोर्ट मोजत होता. अम्मी एका खोक्यावर बसून, पाय हलवत, डब्यातला शिरा खात होत्या. शमीम पाठमोरी होती. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. मग ती वळली.

तिच्या तोंडावर आनंद आला नाही. धक्काही नाही. आधी आली ती हिशेब चुकल्याची घाई.

‘तू संध्याकाळी येणार होतीस ना?’

झालं. एवढं वाक्य पुरलं. तिकिटांचं सगळं मीच बघितलं होतं; महिन्याभरापूर्वी तिने मला सहज विचारलं होतं, तुझं विमान कधीचं, आणि मी म्हटलं होतं, रविवारी रात्री निघते. एवढा लांबचा देश, म्हणजे पोचायला सोमवारची संध्याकाळ उजाडणार, असं तिने धरलं आणि सकाळचं तिकीट काढलं. माझ्या येण्याआधीचं. तिला नुसतं सांगायचं टाळायचं नव्हतं, मला भेटायचंही टाळायचं होतं. क्योतोच्या नदीकाठी मला थोडीशी आशा होती की काहीतरी अडचण असेल, जायच्या क्षणापर्यंत ती माझी वाट बघत असेल. ती आशा त्या एका वाक्याने संपली.

मला काय सुचलं कोण जाणे, मी पर्समधून तो रेशमी ताईत काढला आणि वाकून अम्मींच्या हातात दोन्ही हातांनी ठेवला. ‘अम्मी, तुमच्या तब्येतीसाठी. जपानहून.’

‘माझ्या तब्येतीला काय झालंय गो?’ अम्मी म्हणाल्या. ‘मी ठणठणीत हाय. शिरा खा थोडा, चेहरा बघ कसा झालाय तुझा.’

शमीमने तोंडावर ओढणी धरली. रियाज मध्ये पडला, ‘भाभी, गलती मेरी है. मीच म्हटलं होतं, कुणालाच सांगायचं नाही. आपल्या लोकांना माहीत आहे ना, नजर लागते, ऐन वेळी व्हिसा अडकतो.’ सगळ्या इमारतीला बिर्याणी खाऊ घातल्यावर तो हे सांगत होता.

‘व्हिसा कधी आला?’ मी शमीमला विचारलं.

‘ऑगस्टमध्ये,’ ती ओढणीआडून म्हणाली.

‘म्हणजे आपण नकाशा घेऊन बसत होतो तेव्हा आलेला होता?’

तिने मान हलवली. ‘तुझ्यासमोर माझा पाय निघाला नसता, वैशू. खरंच सांगते. तू दारात उभी असतीस तर मी लिफ्टमध्ये शिरले नसते गो.’

‘नसता निघाला तर नसता निघाला,’ मी म्हटलं. ‘दोघी रडलो असतो. आठ दिवस रडलो असतो. मग निघाला असता. तू मला तेवढंही दिलं नाहीस. जाणार तू होतीस आणि घालवून दिलंस मला.’

आसपासचे लोक बघू लागले होते. इथे दुबईत लोक बघतात. रियाज घड्याळाकडे बघून हळूच ‘यल्ला, चला’ म्हणाला. शमीमने हात पसरले आणि मी तिला मिठी मारली. घट्ट मारली, पाठीवरून हात फिरवला, पोचलीस की फोन कर म्हटलं. त्यातलं काहीही मनातलं नव्हतं. दारातलं बोलणं मलाही जमू लागलं होतं. ती मात्र माझ्या खांद्यावर खरोखरची रडत होती, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

घरी आल्यावर संदीपशी कितीतरी दिवस मी कामापुरतं बोलत होते. त्याने पुष्कळ वेळा माफी मागितली. पुरुषांना माफी मागितली की विषय खलास झाला असं वाटतं. समोरच्या फ्लॅटमध्ये नवं कुटुंब आलं, लेबनीज, भली माणसं आहेत. त्यांच्या चपला त्यांच्याच पायपुसण्यावर असतात. युकोसानच्या वर्गात मी अजून जाते. त्या म्हणतात, तुमच्या फुलांत आता मोकळी जागा छान येते. मी थँक्यू म्हणते.

शमीम फोन करते. टोरंटोजवळ कुठेतरी राहते, व्हिडिओवर बर्फ दाखवते, दुकानात मिळणारं खोबरं कसं साबणासारखं लागतं ते सांगते. आम्ही हसतो. ऐकणाऱ्याला वाटेल, काही बदललेलं नाही. त्या सकाळचा विषय तिने कधी काढला नाही आणि मीही काढत नाही. काढला तर ती ‘सॉरी गो’ म्हणेल, आणि ते तिने म्हटलं की माझ्याकडे तेवढाही राग उरणार नाही, अशी मला भीती वाटते.

आज सकाळी, बाल्कनीचं दार उघडून मी उभी होते, तेव्हा तिचा फोन आला. तिकडे मध्यरात्र उलटली असणार. म्हणाली, ‘झोप येईना. आज सारखं क्योतो आठवतंय. मी पैसे साठवतेय हं. एकदा जाऊच दोघी. माझ्याशिवाय पुन्हा गेलीस तर बघ.’

‘नाही गं,’ मी म्हटलं. ‘तुझ्याशिवाय कशी जाईन?’

‘आता सुट्टीत कुठे मग?’

‘कुठे नाही. ऑफिसमध्ये ऑडिट आहे, मान वर करायला फुरसत नाही.’

तिला जराही शंका आली नाही. माझा आवाज नेहमीसारखाच होता, मलासुद्धा त्यात काही वेगळं ऐकू आलं नाही. थोडा वेळ अम्मींच्या गुडघ्यांबद्दल बोललो. मग मी फोन ठेवला, आत गेले आणि पलंगावर उघड्या असलेल्या बॅगेत लोकरीचे मोजे घातले. विमान उद्या रात्रीचं आहे, ओसाकाचं.